तारीख शेवटी फोडा

आवाज मागे येतोय ना? बरं. पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय, माझं म्हणणं मात्र छोटं आहे. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, तारखेचा महिना, वार, मिनिटं वेगळी काढायची ती माणसाला वाचता यावीत म्हणून, आणि तीही अगदी शेवटी. आधीच फोडलीत की हातात नुसता मजकूर उरतो.

एका कचेरीतला हजेरीचा अहवाल सांगतो. ओरॅकल या डेटाबेसवर होता. तिथे तारखेचा मजकूर करणाऱ्या टू_कॅर फंक्शनमध्ये महिन्याला एमएम आणि मिनिटाला एमआय लिहितात. तारखेत एमएम होतंच, कुणीतरी तासापुढेही एमएम लिहिलं. ओरॅकलनं हूं की चूं केलं नाही. महिना मे! शिपाई नऊ वाजून पाच, लेखापाल दहा वाजून पाच, साहेबसुद्धा अकरा वाजून पाच. काय ती शिस्त! एक जूनला अख्खी कचेरी सहाव्या मिनिटाला येऊ लागली, तेव्हा कुठे एका बाईंना शंका आली. (हसा, पण घरी गेल्यावर आपापले अहवाल तपासा.) माझा राग वेगळाच आहे. हाच नमुना उलट्या बाजूनं, मजकुराची तारीख करणाऱ्या टू_डेटला दिलात, तर तोच ओरॅकल ‘कोड दोनदा आलाय’ म्हणून अडवतो. आत येताना पहारा, बाहेर जाताना दार सताड उघडं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मिनिटाला आय आहे, कारण छोटा एम महिन्याच्या आकड्यानं अडवलाय आणि मोठा नावानं.

आणि ते महिन्याचं नाव! ओरॅकल आणि पोस्टग्रेस हा तिसरा डेटाबेस, दोघेही त्याला नऊ अक्षरांची जागा धरतात, कारण इंग्रजी स्पेलिंगमध्ये सप्टेंबर सर्वात लांब. मग ‘मे’मागे सहा रिकाम्या जागा चिकटतात आणि तुलना जुळत नाही. नमुन्यात महिन्यापुढे एफएम हा कोड लावा, त्या जातात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणे. मूळ मुद्दे तर राहिलेच, भराभर घ्या.

महिन्याच्या इंग्रजी नावावर क्रम लावलात तर एप्रिल पहिला येतो. आर्थिक वर्षवाले खूश होतात, पण पुढचा ऑगस्ट निघतो. क्रम तारखेवरच लावा. आर्थिक वर्ष हवं तर तारीख तीन महिने मागे सरकवून वर्ष काढा: मार्च २०२५ डिसेंबर २०२४ मध्ये पडतो, म्हणजे २०२४-२५.

आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाच्या, सोमवारपासूनच्या आठवड्याबरोबर साधं वर्ष घेऊ नका. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मोडतो, तिथे साध्या वर्षाचा कोड वायवायवायवाय नको, आयएसओ वर्षाचा आयवायवायवाय हवा. वाराचा आकडाही जपून: रविवार पोस्टग्रेसच्या डीओडब्ल्यूत ०, मायएसक्यूएलच्या डेऑफवीकमध्ये १.

गाळणीत, म्हणजे कोणत्या नोंदी हव्यात त्या अटीत, ‘इयर बरोबर २०२४’ लिहिलंत तर तारखेवरचा साधा इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) सहसा वाया जातो. १ जानेवारी २०२४ पासून १ जानेवारी २०२५ च्या आधीपर्यंत, असं लिहा.

आणि यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवलेली वेळ आधी भारतीय वेळेत आणा, नाहीतर पहाटे साडेपाचपर्यंतचे व्यवहार आदल्या दिवसात पडतात. हो हो, थांबतो. प्रश्न चहाच्या टेबलापाशी विचारा.