ड्राफ्टनंतरचे दिवस आणि फिलाडेल्फियाची बस

नमस्कार श्रोतेहो.

आज फुटबॉलविषयी बोलायचंय. पण लगेच कोल्हापूरचं शाहू स्टेडियम किंवा मडगावचं फातोर्डा डोळ्यांपुढे आणू नका. आजचा फुटबॉल अमेरिकेचा. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट आणि घडीघडी थांबणारा खेळ. नियम काही मी समजावत बसणार नाही, आजच्या गोष्टीला ते लागतही नाहीत. दोनच नावं ध्यानात ठेवा. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, सगळा डाव ज्याच्या हातात तो. आणि रनिंग बॅक म्हणजे चेंडू कवेत घेऊन पळणारा. क्वार्टरबॅक फेकणारा, रनिंग बॅक पळणारा. झालं.

आता ड्राफ्ट. कॉलेजात खेळून तयार झालेली पोरं एनएफएल या व्यावसायिक लीगच्या संघांनी आपापसांत वाटून घ्यायची, त्याचं नाव ड्राफ्ट. एप्रिल संपता संपता होतो. बत्तीस संघ, सात फेऱ्या, तीन दिवस. आपल्या आयपीएलसारखी इथे बोली लागत नाही, इथे पाळी असते. आणि पाळी उलटी. मागच्या हंगामात जो संघ सगळ्यांत खाली, त्याची पाळी सगळ्यांत आधी. जो विजेता, तो सगळ्यांच्या मागे. पुन्हा सांगतो, कारण सगळी गंमत इथेच आहे: जो सगळ्यांत जास्त हरला, त्याला पहिला हात मारायला मिळतो.

मला विचाराल तर लिलावापेक्षा हे बरं. लिलावाच्या दिवशी घरोघरी पोराचा खेळ कुणी काढत नाही, त्याचे कोटी किती ते बोलतात. आपल्याकडे २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा भारतीय खेळाडूंचा ड्राफ्टच झाला होता, मुंबईत. पण पुढच्याच वर्षी सुनील छेत्रीसकट दहा जणांवर बोली लागली. लागली ती लागली. आपल्याला हातोडा आपटल्याशिवाय चैनच पडत नाही. असो.

ही उलट्या पाळीची कल्पना काढली बर्ट बेल नावाच्या गृहस्थांनी. ते फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे मालक, आणि त्यांचा संघ तळाला. म्हणजे गरजू माणसानंच नियम सुचवला! बाकीच्यांनी तो मानला, हे त्यांचं मोठेपण. पहिला ड्राफ्ट १९३६च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्याच एका हॉटेलात झाला. संघ नऊ. पहिली पाळी अर्थात ईगल्सची. त्यांनी घेतला जे बर्वँगर, त्या काळातला कॉलेजचा सगळ्यांत गाजलेला खेळाडू. आणि हा बर्वँगर व्यावसायिक फुटबॉलचा एक सामनाही खेळला नाही. पैशांचं जमलं नाही, त्यानं सरळ दुसरी नोकरी धरली. इतिहासातली पहिली निवड, आणि तीच फुकट गेली. ईगल्सच्या लोकांचं नशीब असं पहिल्या दिवसापासूनचं.

आता चाहत्यांचं काय होतं बघा. ड्राफ्ट एप्रिलमध्ये, सामने सप्टेंबरात. मधल्या चार महिन्यांत कुणी हरत नाही. बत्तीसच्या बत्तीस संघ बिनहार. एकविसाव्या वर्षाचा कुणी पोरगा आपल्या संघाची टोपी घालून फोटोला उभा राहिला, की लोक त्याला थेट अंतिम सामन्यात नेऊन ठेवतात. वर्तमानपत्रं आणि टीव्हीवाले दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक संघाला गुण देतात: याला ए, त्याला बी, अमक्याला सी. अहो, पेपर अजून छापायचाय, आणि निकाल लावून मोकळे! हे गुण देणाऱ्यांचे गुण कुणी तरी पाच वर्षांनी काढायला हवेत, असं मला फार वाटतं.

तर आता गोष्ट. ती सांगायची म्हणूनच आज हा विषय घेतलाय, हे जुन्या श्रोत्यांनी ओळखलंच असेल. गोष्ट फिलाडेल्फियाची आणि रेडिओची.

साल १९९९. ईगल्सचा १९९८चा हंगाम म्हणजे नुसती धूळधाण. सोळा सामने, तीन जिंकले, तेरा हरले. शहरानं शेवटचं अजिंक्यपद पाहिलं होतं १९६० साली. म्हणजे चाळिशीच्या आतल्या माणसाला त्याची आठवणच नाही. पण ड्राफ्टमध्ये पाळी दुसरी. आणि गावाला हवा होता रिकी विल्यम्स. टेक्सस विद्यापीठाचा रनिंग बॅक, पळणारा. कॉलेज फुटबॉलचा सगळ्यांत मोठा पुरस्कार, हाइजमन, नुकताच त्याला मिळालेला. गावाला रिकी हवा होता. दुसरं कुणी नको होतं.

शहरात डब्ल्यूआयपी नावाचं रेडिओ केंद्र. तिथे दिवसभर खेळावरच गप्पा, आणि लोक फोन करून संघाला शिव्या घालणार. (आपल्याकडे फोन येतो तो गाण्याच्या फर्माईशीसाठी. रोज सकाळी एक तास नुसत्या तक्रारींना द्यावा, बघा कसं ऐकतात लोक. पण आमच्याकडे हे ऐकणार कोण!) या केंद्रावर सकाळचा कार्यक्रम करायचे अँजेलो कटाल्डी. हा माणूस म्हणजे वल्लीच. ईगल्स सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, काही पोचत नाहीत, मग गावानं त्या दिवसांत करायचं काय? म्हणून १९९३ साली त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं कोंबडीचे पंख खाण्याची स्पर्धा काढली. नाव ठेवलं विंग बोल. पुढे ती बघायला स्टेडियम भरायला लागलं.

तर या कटाल्डींनी रिकी विल्यम्सची मोहीम उघडली. रोज सकाळी रिकी, रिकी, रिकी. आणि या मोहिमेत सामील कोण, तर शहराचे महापौर! एड रेन्डेल. पुढे हे पेनसिल्व्हेनिया राज्याचे गव्हर्नर झाले, एवढा वजनदार माणूस. तो जाहीरपणे सांगतोय, ईगल्सनी रिकीलाच घ्यावं. महापौरांनी नळाला पाणी किती वेळ येतं ते बघावं, असं माझं मत आहे, आणि ते मी कुठल्याही शहराच्या बाबतीत बदलणार नाही. पण तिथे ते खपून गेलं.

ड्राफ्ट होता न्यूयॉर्कला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या थिएटरात, १७ एप्रिलला, शनिवारी. रेडिओवाल्यांनी एक बस केली. तीसेक कट्टर श्रोते त्यात भरले, नाव पडलं ‘डर्टी थर्टी’. फिलाडेल्फिया ते न्यूयॉर्क म्हणजे साधारण आपलं पुणे-मुंबई. एवढं अंतर ही मंडळी रिकीच्या नावानं गेली, आणि हिरव्या जर्सी घालून थिएटरात जाऊन बसली. कशासाठी? रिकीचं नाव आलं तर जल्लोष करायला. आणि नाही आलं तर? तर ओरडायला. दुसरं कुणाचंही नाव येवो, ओरडायचंच.

पहिली पाळी क्लीव्हलंड ब्राउन्सची. त्यांनी घेतला टिम काउच, क्वार्टरबॅक. आता ईगल्स. त्या काळी पहिल्या फेरीत एका निवडीला पंधरा मिनिटं मिळायची. संघ कार्डावर नाव लिहितो, ते कार्ड लीगच्या कमिशनरांच्या, म्हणजे प्रमुखांच्या हातात जातं, आणि ते व्यासपीठावर येऊन वाचतात. कमिशनर पॉल टॅग्लियाबू आले. हातात कार्ड. फिलाडेल्फिया ईगल्सची निवड, डॉनोव्हन मॅकनॅब, क्वार्टरबॅक, सिराक्यूज विद्यापीठ.

बस! मंडळी उठली आणि बूऽऽ सुरू. मागून तो पोरगा सूट घालून हसत हसत बाहेर येतोय. घरची माणसं बरोबर. आयुष्यातला सगळ्यांत मोठा दिवस. आणि ज्या गावासाठी तो आता खेळणार, त्याच गावची माणसं समोर उभी राहून त्याची हुर्यो उडवताहेत. टीव्हीवर सगळा देश बघतोय. त्यानं टोपी घातली, जर्सी हातात धरून फोटो दिले. या पोरानं त्यांचं काय घोडं मारलं होतं? काहीही नाही. राग त्याच्यावर नव्हताच. त्याचं नाव रिकी नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा.

मॅकनॅबला घेतलं होतं ईगल्सचे नवे प्रशिक्षक अँडी रीड यांनी. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

पण रिकीचं काय झालं? ते आणखी मजेशीर. न्यू ऑर्लीन्स सेंट्सचे प्रशिक्षक माइक डिट्का त्याच्यावर इतके भाळले होते, की पाचव्या क्रमांकाची पाळी मिळवायला त्यांनी आपल्या त्या वर्षीच्या सगळ्या निवडी देऊन टाकल्या. सगळ्या! वर पुढच्या वर्षीची पहिली आणि तिसरीही. एका खेळाडूसाठी सबंध घर गहाण. मग एका मासिकाच्या मुखपृष्ठावर दोघांचा फोटो आला: डिट्का नवरदेवाच्या सुटात आणि शेजारी रिकी विल्यम्स पांढऱ्या शुभ्र लग्नाच्या गाउनमध्ये, नवरी होऊन. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, हे मी उगाच म्हणत नाही, फोटो आहे. आणि हंगामाचा निकाल? तीन जिंकले, तेरा हरले. डिट्कांची नोकरी गेली.

रिकी वाईट खेळाडू होता असं मात्र नका समजू. पुढे २००२ साली मायामीकडून तो सबंध लीगमध्ये सगळ्यांत जास्त यार्ड धावला, १,८५३. पोरगा खराच चांगला. पण एवढं सगळं देऊन टाकल्यावर त्याच्या भोवती खेळायला संघात राहिलं कोण?

आणि मॅकनॅब? त्या वर्षीच्या पहिल्या तिन्ही निवडी क्वार्टरबॅकच्या होत्या. पहिला काउच, दुसरा मॅकनॅब, तिसरा सिनसिनाटीचा अकिली स्मिथ. काउच पाच हंगामांत आटोपला. स्मिथ त्याच्याही आधी विसरला गेला. उरला तो, ज्याची हुर्यो झाली तो. मॅकनॅब ईगल्सकडून अकरा हंगाम खेळला. पाच वेळा त्यानं संघाला उपांत्य सामन्यापर्यंत नेलं, त्यातली चार वर्षं तर लागोपाठ. २००५च्या फेब्रुवारीत सुपर बोलही गाठला, पण पेट्रियट्सविरुद्ध तीन गुणांनी हरला, २४-२१. २०१३ साली ईगल्सनी त्याची पाच नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. आता ती कुणाला मिळणार नाही. तरी पहिल्या दिवसाचा तो आवाज काही तो विसरला नाही. पुढे अनेक मुलाखतींत त्यानं ते बोलून दाखवलं.

बसमधली मंडळी मूर्ख होती असं काही मी म्हणणार नाही. तीन-तेराच्या हंगामानंतर माणसाला एक नाव लागतं, आणि एकदा ते नाव डोक्यात बसलं की दुसरं कोण बरं हे कळत नाही. २०१० साली पुन्हा तेच झालं. ईगल्सनी ब्रँडन ग्रॅहमला घेतला, आणि गावाला हवा होता अर्ल थॉमस. थॉमस गेला सिॲटलकडे आणि तिथे गाजला. झालं, ग्रॅहमच्या नावानं कित्येक वर्षं कुरकुर.

२०१७चा ड्राफ्ट तर खुद्द फिलाडेल्फियात झाला, कलासंग्रहालयाच्या, ‘रॉकी’ सिनेमातल्या त्या प्रसिद्ध पायऱ्यांवर. कमिशनर व्यासपीठावर आले, की गर्दी बूऽऽ करणार, ते रिवाजाप्रमाणे झालंच. ईगल्सनी डेरेक बार्नेट घेतला. तो हंगाम संपला ४ फेब्रुवारी २०१८ला, सुपर बोलमध्ये. समोर परत पेट्रियट्स, ईगल्स पाच गुणांनी पुढे, जेमतेम दोन मिनिटं उरलेली आणि चेंडू त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडीच्या हातात. अशा वेळी ब्रॅडी सामना फिरवतो, हे अमेरिकेतल्या शेंबड्या पोराला माहीत. तर त्या क्षणी ब्रॅडीच्या हातातला चेंडू उडवला कुणी? ब्रँडन ग्रॅहमनं. ज्याच्या नावानं कुरकुर होती, तोच हा ग्रॅहम. आणि उडालेला चेंडू पकडला कुणी? बार्नेटनं. निकाल ४१-३३. ईगल्सनी जिंकलेला पहिलावहिला सुपर बोल. कटाल्डींच्या केंद्रानं त्यानंतर विंग बोल बंदच केला. खायचं कारणच उरलं नाही.

वेळ कमी आहे, काचेपलीकडून हात दाखवणं चाललंय, म्हणून पुढचं भरभर. २०२४च्या ड्राफ्टमध्ये ईगल्सनी पहिल्या दोन फेऱ्यांत बचावाची दोन पोरं घेतली, क्विनियन मिचेल आणि कूपर डिजीन. ९ फेब्रुवारी २०२५ला ईगल्स पुन्हा सुपर बोलमध्ये, समोर कॅन्सस सिटी चीफ्स. त्याच दिवशी डिजीनचा बाविसावा वाढदिवस. त्यानं चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सचा पास मधल्यामध्ये पकडला आणि ३८ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू पार शेवटच्या रेषेपलीकडे नेला. ईगल्स ४०, चीफ्स २२. चीफ्सचे प्रशिक्षक कोण? अँडी रीड. मॅकनॅबला निवडणारे तेच.

आता विजेते म्हटल्यावर पुढच्या एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये ईगल्सची पाळी शेवटची, बत्तिसावी. त्यांच्या आधी एकतिसावे चीफ्स. तर ईगल्सनी चीफ्सबरोबरच सौदा केला, वर एक निवड जास्तीची दिली, एक पायरी पुढे सरकले आणि अलाबामाचा जिहाद कॅम्पबेल उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुण देणाऱ्यांनी गुण दिलेच. आणि फिलाडेल्फियात पुढच्या सुपर बोलच्या गप्पा एप्रिलमध्येच सुरू.

नमस्कार.