पंधरा जणांचा संघ कसा जोखायचा

[पडद्यावर: कोरा कागद, त्यावर एकेक करून पंधरा नावं उमटतात]

३० एप्रिल २०२४. वेस्ट इंडीज आणि अमेरिकेतल्या टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी भारताची पंधरा नावं जाहीर झाली. आयपीएल ऐन भरात होती, त्यामुळे वादाला तोंड फुटायला वेळ लागला नाही. रिंकू सिंग का नाही? शुभमन गिल राखीव का? के. एल. राहुलला का वगळलं? आणि तब्बल चार फिरकी गोलंदाज नेऊन करायचंय काय?

हे प्रश्न नावांचे आहेत. संघ जोखायचा असेल, तर नावं थोडा वेळ बाजूला ठेवून आधी मैदानांची यादी काढावी लागते.

या स्पर्धेत ती यादी निवड समितीच्या हातात बरीच आधी होती. भारताचे पहिले तीन सामने न्यूयॉर्कला, चौथा फ्लोरिडात. गटात पहिले या किंवा दुसरे, सुपर एटमधली, म्हणजे उरलेल्या आठ संघांच्या पुढच्या फेरीतली, भारताची जागा ठरलेली होती. म्हणजे पुढे बार्बाडोस, अँटिग्वा, सेंट लुशिया. उपांत्य फेरी गाठली तर सामना गयानात, आणि अंतिम सामना पुन्हा बार्बाडोसला. वेळसुद्धा माहीत होती. भारतात रात्री आठला दिसणारा सामना तिथे सकाळी साडेदहाला सुरू होणार होता.

या एका वेळेनं निवडीचं निम्मं गणित ठरवलं. आपल्याकडे रात्रीच्या सामन्यात दव पडतं, चेंडू ओला होतो, बोटांत धरवत नाही, आणि दुसऱ्या डावात फिरकी गोलंदाज निष्प्रभ ठरतो. २०२१ च्या विश्वचषकात दुबईत भारतानं दोन्ही महत्त्वाच्या सामन्यांत नाणेफेक गमावली, पहिली फलंदाजी केली, आणि पाकिस्तानकडून दहा, न्यूझीलंडकडून आठ गडी राखून हार खाल्ली. कॅरिबियन बेटांवर सकाळच्या उन्हात हा धोका नव्हता. खेळपट्ट्या संथ, चेंडू कोरडा. चार फिरकी गोलंदाज हवेतच, असं कर्णधार रोहित शर्मानं २ मे रोजी मुंबईतल्या पत्रकार परिषदेत ठामपणे सांगितलं, कारण मात्र तेव्हा उघड केलं नाही. वेळापत्रक समोर ठेवलं की त्यातलं बरंचसं कारण आपल्यालाही दिसतं.

[पडद्यावर: वीस चौकटी. पहिल्या सहा निळ्या, पुढच्या नऊ पिवळ्या, शेवटच्या पाच लाल]

मैदानांनंतर षटकांचा तक्ता. टी-ट्वेंटीत एका गोलंदाजाला जास्तीत जास्त चार षटकं. म्हणजे पाच गोलंदाज तर लागतातच, आणि एखाद्याचा दिवस वाईट निघाला तर सहावा. पण नुसती बेरीज करून भागत नाही. पहिली सहा षटकं पॉवरप्लेची, तिथे तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर फक्त दोन क्षेत्ररक्षक. सातव्यापासून पंधराव्यापर्यंत नऊ षटकं मधली. शेवटची पाच षटकं फटकेबाजीची. प्रत्येक चौकटीत नाव लिहायचं. ज्या रंगाच्या चौकटींत पुन्हा पुन्हा एकच नाव लिहायचा मोह होतो, तिथे संघ कमकुवत आहे.

२०२४ च्या पंधरांत जसप्रीत बुमरा, अर्शदीप सिंग आणि मोहम्मद सिराज हे तीन निव्वळ वेगवान गोलंदाज. कुलदीप यादव आणि युझवेंद्र चहल हे मनगटानं चेंडू वळवणारे. रवींद्र जडेजा आणि अक्षर पटेल हे दोघेही डावखुरे, दोघेही बोटांनी फिरकी टाकणारे. ऑफस्पिनर, म्हणजे उजव्या हातानं बोटांची फिरकी टाकणारा, एकही नाही. एकाच जातीचे दोन गोलंदाज कशाला, ही शंका रास्त होती. उत्तर गोलंदाजीत नव्हतं, फलंदाजीत होतं. अक्षर आणि जडेजा दोघेही खेळले की आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाजी पोचते, आणि तरीही गोलंदाज सहा मिळतात. दोन वेगवान, तीन फिरकी, आणि सहावा हार्दिक पंड्या.

या हार्दिकवर सगळा डोलारा उभा होता. तो चार षटकं टाकतो म्हणून तीन फिरकी गोलंदाज परवडतात. तो टाकू शकला नाही, तर एक फिरकी गोलंदाज किंवा एक फलंदाज काढून तिसरा वेगवान गोलंदाज आणावा लागतो आणि आठव्या क्रमांकाची चैन संपते. २०२१ मध्ये नेमकं हेच झालं होतं. हार्दिकच्या गोलंदाजीचा भरवसा नव्हता, म्हणून स्पर्धा तोंडावर आली असताना अक्षरला राखीव यादीत टाकून शार्दूल ठाकूरला पंधरांत घ्यावं लागलं. २०२३ च्या एकदिवसीय विश्वचषकात पुण्याजवळ गहुंजेला बांगलादेशविरुद्ध हार्दिक आपल्या पहिल्याच षटकात तीन चेंडू टाकून घोटा दुखावून बसला. त्याच्या एका जागेसाठी दोन माणसं आणावी लागली, सूर्यकुमार यादव फलंदाजीला आणि मोहम्मद शमी गोलंदाजीला, आणि त्यासाठी शार्दूलही बाहेर गेला. शमीनं सात सामन्यांत २४ बळी घेतले, त्यामुळे सहावा गोलंदाजच उरलेला नाही याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. अहमदाबादच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाची ३ बाद ४७ अशी अवस्था असताना ट्रॅव्हिस हेड आणि मार्नस लबुशेन यांनी १९२ धावा जोडल्या. ती जोडी फोडण्यासाठी रोहितकडे वेगळ्या धाटणीचा एकही चेंडू शिल्लक नव्हता.

मग २०२४ मध्ये हार्दिकला पर्याय कोण होता? कागदावर शिवम दुबे. पण दुबे आयपीएलमध्ये चेन्नईकडून बहुतेक वेळा इम्पॅक्ट प्लेअर, म्हणजे सामना चालू असताना उतरवता येणारा बदली खेळाडू, म्हणून फक्त फलंदाजीला यायचा. २०२३ पासूनचे आयपीएलचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवलंच पाहिजे. या नियमानं संघ प्रत्यक्षात बारा जणांचा होतो. एक फलंदाज जास्त असल्यानं सगळेच मोकळे होऊन फटके मारतात, स्ट्राइक रेट, म्हणजे शंभर चेंडूंमागे धावांचा वेग, फुगतो, आणि थोडीफार गोलंदाजी करणाऱ्याच्या हाती चेंडू येतच नाही. अष्टपैलू खेळाडूंचं यात नुकसान होतं, हे रोहितनंही जाहीरपणे बोलून दाखवलं होतं. विश्वचषकात बारावा माणूस नसतो.

आता फलंदाजी. इथे सर्वांत मोठी गफलत होते ती धावांच्या यादीमुळे. त्या आयपीएलमध्ये ७४१ धावा करून विराट कोहली पहिला होता आणि ५८३ धावा करून पुण्याचा ऋतुराज गायकवाड दुसरा. ऋतुराज पंधरांत नव्हता, राखीव चौघांतही नव्हता. मराठी क्रिकेटप्रेमींना ते लागलं, आणि लागणं स्वाभाविक आहे. पण जागा धावांना मिळत नाही, क्रमांकाला मिळते. सलामीसाठी आणि तिसऱ्या क्रमांकासाठी रोहित, कोहली, यशस्वी जैस्वाल रांगेत होते, मागे गिल उभा होता. रिकाम्या जागा होत्या पाचव्या ते सातव्या क्रमांकावर. दहाव्या षटकात येऊन दुसऱ्या चेंडूपासून मारायला लागणं हे वेगळं काम आहे. सलामीला नव्या चेंडूवर, वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असताना केलेल्या धावा त्या कामाची ग्वाही देत नाहीत. राहुललाही हेच आडवं आलं. आयपीएलमध्ये तो सलामीला खेळत होता आणि निवड समितीला मधल्या फळीतला यष्टिरक्षक हवा होता, असं अध्यक्ष अजित आगरकरनं सांगितलं. म्हणून ऋषभ पंत आणि संजू सॅमसन. त्यातही पंतला डिसेंबर २०२२ च्या भीषण अपघातानंतर मार्च २०२४ मध्ये बीसीसीआयनं तंदुरुस्त ठरवलं ते यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून. वीस षटकं ग्लोव्हज घालून उठबस करणं जमणार नसतं, तर त्याची निवडच वेगळ्या जागेसाठी करावी लागली असती.

रिंकूचा निर्णय सर्वांत अवघड होता, आणि त्याची काही चूक नव्हती, हे आगरकरनं मोकळेपणानं मान्य केलं. पंधरावी जागा चौथ्या फिरकी गोलंदाजाला गेली.

[पडद्यावर: मँचेस्टर, ढगाळ आकाश, ओल्ड ट्रॅफर्डचा धावफलक]

क्रमांकाकडे दुर्लक्ष केल्यावर काय होतं, ते २०१९ च्या एकदिवसीय विश्वचषकात दिसलं. एकदिवसीय संघाचा चौथा क्रमांक बरीच वर्षं रिकामा होता. अंबाती रायुडूला तयार केलं, आणि ऐनवेळी विजय शंकरला निवडलं, कारण तो फलंदाजी, गोलंदाजी, क्षेत्ररक्षण तिन्ही करतो. रायुडू राखीव. शिखर धवनचा अंगठा मोडला तेव्हा पंत आला. शंकरच्या पायाला दुखापत झाली तेव्हा तरी रायुडू येईल असं वाटलं होतं, पण बोलावणं गेलं मयांक अगरवालला. तो सलामीवीर होता आणि तोवर एकही एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. रायुडूनं निवृत्ती जाहीर केली. न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारताचे तीन गडी ५ धावांत गेले, चौथा २४ वर. तेव्हा चौथ्या क्रमांकावर पंत, पाचव्यावर दिनेश कार्तिक, सहाव्यावर हार्दिक, आणि महेंद्रसिंग धोनी सातव्यावर. अकरा जणांत तीन यष्टिरक्षक, आणि पडझड थोपवायला ठरलेला माणूस एकही नाही. १८ धावांनी सामना गेला. त्या सकाळी चेंडू हलत होता हे खरं. पण राखीव यादीतल्या माणसाला त्याच्याच जागेसाठी बोलवायचं नसेल, तर राखीव यादी कशासाठी असते?

राखीव यादीबाहेर जाणं दर वेळी चूकच ठरतं, असंही नाही. २०२५ च्या महिला विश्वचषकात साखळीतल्या शेवटच्या सामन्यात सलामीवीर प्रतिका रावलचा घोटा दुखावला. शेफाली वर्मा पंधरांत नव्हती, राखीव यादीतही नव्हती. तरी तिला बोलावलं, कारण रिकामी जागा सलामीची होती आणि शेफाली सलामीवीर आहे. जागा आणि माणूस जुळले. नवी मुंबईच्या अंतिम सामन्यात तिनं ७८ चेंडूंत ८७ धावा केल्या, शिवाय दोन बळी घेतले. त्याच स्पर्धेत इंदूरला इंग्लंडविरुद्ध सहावी गोलंदाज हवी म्हणून जेमिमा रॉड्रिग्सला वगळून रेणुका सिंगला घेतलं होतं. लक्ष्याजवळ पोचूनही भारत चार धावांनी हरला. जेमिमा परतली, आणि उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग तिच्या नाबाद १२७ धावांवर पुरा झाला. अष्टपैलू खेळाडू कमी पडले की सहाव्या गोलंदाजाची किंमत अशी फलंदाजीत मोजावी लागते.

[पडद्यावर: न्यूयॉर्कची खेळपट्टी, जवळून. भेगा, गवताचे तुटक पट्टे]

पुन्हा २०२४ कडे. न्यूयॉर्कच्या खेळपट्ट्या फ्लोरिडात वाढवून, ट्रकवर लादून आणलेल्या होत्या. बसायला पुरेसा वेळ न मिळाल्यानं एक चेंडू घोट्याशी, तर दुसरा खांद्याशी यायचा. तिथे सिराज खेळला, कुलदीप बाहेर बसला. पाकिस्तानविरुद्ध ११९ धावांत गुंडाळलं जाऊनही भारत सहा धावांनी जिंकला, बुमराचे १४ धावांत तीन बळी. बार्बाडोसला पोचल्यावर सिराज बाहेर आणि कुलदीप आत, एवढाच एक बदल. पुढच्या पाच सामन्यांत कुलदीपनं दहा बळी घेतले. गयानात इंग्लंडविरुद्ध चेंडू खाली राहत होता. अक्षरनं पहिल्याच चेंडूवर जोस बटलरला बाद केलं, त्यानं आणि कुलदीपनं मिळून सहा बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव १०३ वर आटोपला. चहल, सॅमसन आणि जैस्वाल यांना स्पर्धेत एकही सामना मिळाला नाही. याला जागा वाया गेल्या असं म्हणणं मला पटत नाही. विमा उतरवला होता, तो वापरावा लागला नाही.

अंतिम सामन्यात आठव्या क्रमांकापर्यंतच्या फलंदाजीनं तारलं. ३ बाद ३४ असताना अक्षरला पाचव्या क्रमांकावर पाठवता आलं, कारण मागे दुबे, हार्दिक, जडेजा होते. त्यानं ३१ चेंडूंत ४७ धावा केल्या.

फिरकीनं मात्र त्या दिवशी साथ दिली नाही. कुलदीपच्या चार षटकांत ४५, अक्षरच्या चारमध्ये ४९, जडेजाच्या एकात १२. नऊ षटकांत १०६ धावा. हाइनरिक क्लासननं अक्षरच्या एकाच षटकात सामना फिरवला आणि दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या, हातात सहा गडी. लाल चौकटी पाच उरल्या होत्या. सोळावं षटक बुमराचं, चार धावा. सतरावं हार्दिकचं, पहिल्याच चेंडूवर क्लासन बाद, चार धावा. अठरावं बुमराचं, दोन धावा आणि यान्सनचा त्रिफळा. एकोणिसावं अर्शदीपचं, चार धावा. विसाव्या षटकासाठी १६ धावा राखून चेंडू हार्दिकच्या हातात. सीमारेषेवर सूर्यकुमारनं डेव्हिड मिलरचा झेल घेतला, भारत सात धावांनी जिंकला.

हार्दिकनं त्या डावात तीन षटकं टाकली, २० धावांत तीन बळी. ती तीन षटकं त्याला टाकता आली नसती, तर? सिराज अकरांत नव्हता. दुबेकडे त्या स्पर्धेत चेंडू जवळपास गेलाच नव्हता. राखीव यादीत रिंकू आणि गिल फलंदाज, खलील अहमद आणि आवेश खान वेगवान गोलंदाज. भरवशाची वेगवान गोलंदाजी टाकून सहाव्या क्रमांकावर फलंदाजी करेल असा दुसरा माणूस पंधरांत नव्हता आणि राखीव चौघांतही नव्हता.