बुधवारचा सराव आणि एप्रिलमधले पराभव

मंडळी, फुटबॉलच्या चाहत्यांचा एक ठरलेला वाद असतो. संघ ऑक्टोबरात जिंकत असला की कोचचा सराव म्हणजे क्रांती, आणि तोच संघ एप्रिलमध्ये, म्हणजे हंगामाच्या शेवटाला, हरू लागला की कोचने पोरांना पिळून काढलं. सराव तोच, पोरंही तीच. या वादाचं माझ्या माहितीतलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे कोच मार्सेलो बिएल्सा आणि त्याचा इंग्लंडमधला क्लब लीड्स युनायटेड. माझं मत आधीच सांगून टाकतो: सरावावर जे खापर फुटलं, ते खरं तर चमूच्या आकारावर, म्हणजे मोजकेच खेळाडू ठेवण्यावर, फुटायला हवं होतं.

बिएल्सा 2018 च्या जूनमध्ये लीड्सला आला. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतला हा संघ आदल्या हंगामात तेरावा आला होता. बिएल्साने येण्याआधी त्या हंगामातले सगळे सामने पाहून काढले होते. माणूस अर्जेंटिनातल्या रोसारियोचा, टोपणनाव 'एल लोको' म्हणजे वेडा, आणि तिथल्या न्यूवेल्स ओल्ड बॉइज क्लबने त्याच्या हयातीतच स्टेडियमला त्याचं नाव दिलेलं. पण कीर्तीबरोबर एक आरोपही त्याच्या मागून आला होता. 2012 मध्ये त्याच्या स्पेनमधल्या अॅथलेटिक बिल्बाओ संघाने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्या मैदानावर आणि घरीही हरवलं, युरोपा लीग आणि स्पेनचा कप अशा दोन अंतिम फेऱ्या गाठल्या, आणि मे महिन्यात दोन्ही 3-0 अशा गमावल्या. 2014-15 मध्ये त्याचं मार्सेय निम्म्या हंगामाला फ्रान्सच्या लीगमध्ये पहिलं होतं. शेवटी चौथं आलं. तेव्हा लीड्सच्या काही चाहत्यांचा सिद्धान्त पहिल्या सामन्याआधीच तयार होता: हा संघ वसंतात कोसळणार.

या सिद्धान्तातला खलनायक म्हणजे बुधवारचा सराव. त्याला 'मर्डरबॉल' म्हणतात. पूर्ण मैदानावर अकरा विरुद्ध अकरा. चेंडू बाहेर गेला की काठावरचा सहायक त्याच क्षणी दुसरा चेंडू आत टाकतो. थ्रो-इन नाही, कॉर्नर नाही, फाउलची शिट्टी नाही, आणि सहायक काठावरून सतत ओरडत असतात. एक लक्षात घ्या, नव्वद मिनिटांच्या खऱ्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो निम्म्याहून थोडाच जास्त वेळ. बाकी वेळ खेळाडू चालतो, पाणी पितो, पंचाशी हुज्जत घालतो. मर्डरबॉलमध्ये ही विश्रांतीच काढून टाकलेली. म्हणून त्यातली दहा मिनिटं सामन्यातल्या दहा मिनिटांपेक्षा कितीतरी जड जातात. मग शनिवारचा सामना खेळाडूला सोपा वाटायला लागतो, आणि हेच बिएल्साला हवं होतं. डिसेंबर 2018 मध्ये, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, लीड्स ब्लॅकबर्नविरुद्ध नव्वद मिनिटांनंतर 1-2 ने मागे होतं आणि भरपाई वेळेत दोन गोल करून जिंकलं. (ब्लॅकबर्नची मालकी आपल्या पुण्याच्या वेंकीजकडे, म्हणजे थोडं दुःख इथेही पोहोचलं असणार.) त्या संध्याकाळी मर्डरबॉलला कुणी नावं ठेवली नाहीत.

आता एप्रिल 2019. चार सामने बाकी, लीड्स 82 गुणांवर दुसरं, शेफील्ड युनायटेड 79 वर तिसरं. पहिले दोन संघ थेट वर, प्रीमियर लीगमध्ये, जाणार. गुड फ्रायडेला घरच्या मैदानावर विगनशी सामना. सुरुवातीलाच विगनचा एक खेळाडू लाल कार्डावर बाहेर, लीड्सला पेनल्टी. पाब्लो एर्नांदेसचा फटका खांबाला लागला. बामफर्डने थोड्याच वेळात गोल केला खरा, पण दहा जणांच्या विगनने दोन गोल मारून सामना 2-1 ने नेला. सोमवारी ब्रेंटफर्डमध्ये 2-0 हार. मग अॅस्टन व्हिलाशी बरोबरी, आणि शेवटच्या दिवशी आधीच खाली उतरलेल्या इप्सविचकडून 3-2 ने पराभव. चार सामन्यांत एक गुण. शेफील्डने याच काळात दहा गुण मिळवले आणि ते वर गेलं. वर जायच्या उरलेल्या एका जागेसाठीच्या प्लेऑफमध्ये डर्बीला त्यांच्या मैदानावर 1-0 ने हरवून आलेलं लीड्स घरी 4-2 ने हरलं आणि हंगाम संपला.

'पाय संपले,' असं चाहत्यांचं एक टोळकं म्हणालं. विगनचा सामना मात्र मला तसं म्हणू देत नाही. दमलेला संघ मागे सरकतो, चेंडू हरवल्यावर परत धावत नाही. लीड्स उत्तरार्धभर विगनच्या पेनल्टी क्षेत्राभोवती ठिय्या देऊन होतं. त्यांना गोल मारता येत नव्हता, आणि ते त्या हंगामभराचं दुखणं होतं. डर्बीविरुद्ध घात झाला तो मध्यंतराच्या तोंडावर, गोलरक्षक कासिया आणि कर्णधार कूपर यांच्यातल्या घोटाळ्यातून. आता कुणी म्हणेल, थकलेलं डोकंच असे घोटाळे करतं. असेल. पण मग हा सिद्धान्त कशानेही खोटा ठरू शकत नाही, आणि असा सिद्धान्त चाहत्याला फार सोयीचा असतो.

खरी मेख दुसरीकडे आहे. बिएल्सा मैदानभर माणसाला माणूस लावून खेळतो. एकाने आपला माणूस सोडला की सगळी साखळी उघडी पडते. हे पाठ व्हायला महिने लागतात, म्हणून त्याला मोजकेच अनुभवी खेळाडू हवे असतात. बाकी जागा तेवीस वर्षांखालच्या पोरांनी भरायच्या, तीही त्याच पद्धतीने तयार केलेली. बाहेरून आयत्या वेळी आणलेला माणूस त्यात बसत नाही. त्यातून 31 जानेवारी 2019 ला, खेळाडू विकत घेण्याच्या शेवटच्या दिवशी, स्वान्सीच्या डॅनियल जेम्सचा सौदा अगदी शेवटच्या तासांत फिसकटला. विंगवर वेग हवा होता, तो आला नाही, आणि एप्रिलमध्ये बेंचवर वळून पाहिलं तर पर्याय तुटपुंजे. बिल्बाओतही हेच होतं. तो क्लब केवळ बास्क खेळाडू घेतो, तिथे चमू वाढवणार कुठून?

पुढचा हंगाम तर वादाला मेजवानीच. 2019-20 मध्ये डिसेंबरातली मोठी आघाडी फेब्रुवारीपर्यंत बरीचशी विरघळली आणि 'बघा, यंदा तर आधीच कोसळले' सुरू झालं. मग महामारीने खेळ थांबला, जूनमध्ये पुन्हा सुरू झाला, आणि उरलेल्या नऊपैकी सात सामने लीड्सने जिंकले. 93 गुण, दुसऱ्या क्रमांकापेक्षा दहा जास्त, सोळा वर्षांनी प्रीमियर लीग. विरोधक म्हणाले, तीन महिन्यांच्या सुट्टीने बिएल्साला वाचवलं. हे विधान फार लोकप्रिय आहे, आणि ते करणारे एक गोष्ट सोयीस्करपणे गाळतात: खेळ थांबण्याआधीचे पाच सामने लीड्सने ओळीने जिंकले होते, एकही गोल न खाता. म्हणजे सुट्टीच्या आधीच गाडी रुळावर होती. लीड्सचा मिडफिल्डर माटेउश क्लिख तर दोन हंगाम जवळजवळ प्रत्येक लीग सामन्यात सुरुवातीपासून खेळला. दमून पडायचा तर पहिला तो पडायला हवा होता.

2020-21 बद्दल फार बोलत नाही. दाटीवाटीचा हंगाम, नववा क्रमांक, एप्रिलमध्ये दहा जणांनिशी मँचेस्टर सिटीवर विजय, आणि शेवटचे चारही सामने जिंकलेले.

विरोधकांचं पारडं खरोखर जड होतं ते 2021-22 मध्ये. बामफर्ड, फिलिप्स, कूपर, सगळे दुखापतीने बाहेर. 5 डिसेंबरला फिलिप्स आणि कूपर एकाच सामन्यात हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) धरून गेले. फेब्रुवारी 2022 च्या पाच सामन्यांत लीड्सने वीस गोल खाल्ले, त्यातले सहा लिव्हरपूलकडून. 27 तारखेला बिएल्साची गच्छंती झाली. त्याच्या जागी आलेला जेसी मार्श जाहीरपणे म्हणाला, या खेळाडूंना अति सराव झालाय. नवा कोच जुन्याबद्दल असं बोलतोच, तरी हॅमस्ट्रिंगच्या रांगेकडे पाहता मी ते उडवून लावणार नाही. चौथं वर्ष होतं, आणि प्रीमियर लीगमधलं धावणं दुसऱ्या श्रेणीपेक्षा वेगवान. फक्त एवढंच विचारतो: फिलिप्सच्या जागी खेळायला तयार असलेला दुसरा बचावात्मक मिडफिल्डर त्या चमूत कुठे होता? तो घ्यायचा नाही, हा निर्णय मर्डरबॉलचा नव्हता. तो कोचचा होता आणि त्याच्यापुढे मान डोलावणाऱ्या व्यवस्थापनाचाही होता.

मार्शने हंगामाच्या शेवटच्या दिवशी संघाला खाली उतरण्यापासून वाचवलं. 2023 च्या फेब्रुवारीत तोही गेला, आणि मे महिन्यात लीड्स खाली उतरलं. तोवर बिएल्साला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. आता हॅमस्ट्रिंगवरून ज्यांना माझ्याशी भांडायचंय, त्यांनी माइकजवळ यावं.