पंक्तिप्रपंच

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचे आहे ते पंक्तिप्रपंच या शब्दाविषयी. पंक्ती म्हणजे पंगत, हे आपल्याला सांगायला नको. प्रपंच म्हणजे मात्र येथे संसार नव्हे, तर भेद. एकाच पंगतीतल्यांना तोंड पाहून कमी-जास्त वाढणे, हा त्याचा मूळ अर्थ.

परभणीकडच्या एका गावात सप्ताहाच्या काल्याची पंगत बसली होती. बुंदी वाढणाऱ्या तरुणाचे सासरकडचे पाहुणे पहिल्या टोकाला होते, त्यामुळे तिकडे त्याची वाटी काठोकाठ भरून येत होती आणि शेवटच्या टोकाला, जिथे सालगडी व मजूर बाया बसल्या होत्या, तिथे पोचेपर्यंत ती निम्मी झाली होती. तिथल्या एका म्हातारीने पत्रावळीवर हात आडवा धरला आणि विचारले, "पंगत एकच हाय ना बाबा, मग वाटी कमी-जास्त कामून व्हायली?" तो म्हणाला, "पुरवायचं हाय, आजी." आता सगळी पाने वाढून झाल्याशिवाय 'पुंडलिक वरदा' होत नाही आणि त्याआधी कुणी घास उचलत नाही, म्हातारीने हात काढला नाही, तेव्हा पाहुण्यांसह अख्खी पंगत ताटकळली. उभ्याने जेवण्याच्या नव्या पद्धतीत अशी अडवणूक करण्याची सोयच उरलेली नाही, म्हणून ती पद्धत मला मुळीच आवडत नाही. अखेर कीर्तनकार बुवांनी आत जाऊन पाहिले, तर बुंदीची परात भरलेलीच होती. त्यांनी वाटी दुसऱ्याच्या हाती दिली आणि पुढच्या पंगतीचे वाढप शेवटच्या टोकाकडून सुरू करायला लावले.

परात भरलेली होती, हे पुन्हा सांगतो. टंचाईत सर्वांनाच सारखे कमी मिळाले, तर तो पंक्तिप्रपंच नव्हे. पंगत एक आणि वाढप वेगळे, तेव्हाच तो पंक्तिप्रपंच. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे म्हणून विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्याचे ठरले, म्हणजे आपले पान त्याच पंगतीत मांडले गेले. म्हणून निधिवाटपाच्या तक्रारीत हा शब्द चपखल बसतो. 'अनुशेष' हा सरकारी शब्द पानात काय पडले नाही तेवढेच मोजतो, वाढणाऱ्याविषयी बोलत नाही. 'अन्याय झाला' एवढे म्हणूनही थांबता येते, पण पंक्तिप्रपंच कुणीतरी केलेला असतो. तेव्हा अर्जात हा शब्द लिहिलात, तर वाढणारा कोण आणि शेजारच्या पानात किती पडले, हेही त्याच अर्जात लिहावे लागेल.