पास्त्याचं पाणी ओतून देऊ नका: एकाच टोपात क्रीमी चिकन पास्ता

[समोर बघून]

नमस्कार मंडळी. बुधवारी संध्याकाळी स्टेशनवरून घरी जाताना जे चिकनच्या दुकानासमोर थांबतात, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ. आपल्याकडे सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार यातला एखादा तरी वार घरोघरी पाळला जातो. त्यामुळे कामाच्या दिवसांत चिकन शिजतं ते बहुतेक बुधवारी नाहीतर शुक्रवारी. आणि नेमकं त्या दिवशी साडेआठला घरात शिरल्यावर खोबरं भाजा, वाटण वाटा, रस्सा उकळा, एवढं अंगात त्राण नसतं. मुलांना तर पास्ताच हवा असतो. म्हणून एक टोप, एक शेगडी आणि साधारण अर्धा तास, एवढ्यात होणारा क्रीमी चिकन पास्ता करू या.

मुद्द्याची गोष्ट आधीच सांगते. या पास्त्याचा दाटपणा क्रीमच्या पाकिटात नसतो. तो पास्त्यातच असतो, आणि आपण तो बेसिनमध्ये ओतून देतो.

कसं ते बघा. पास्ता उकडायची इटलीतली जुनी पद्धत म्हणजे 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी. चौघांसाठी 250 ग्रॅम पास्ता घेतला तर अडीच लिटर पाणी झालं. आपल्या दोन शेगड्यांच्या ओट्यावर ते उकळेपर्यंतच दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि दुसऱ्या शेगडीवर दूध नाहीतर उद्याच्या डाळीचा कुकर असतो. मग तो जड, उकळता टोप उचलून चाळणीत उपसायचा, पायात मूल घुटमळत असताना. जे पांढुरकं पाणी वाहून जातं तो पास्त्यातून सुटलेला स्टार्च. त्यानंतर आपण काय करतो? लोण्यावर मैदा भाजून, त्यात दूध घालून व्हाइट सॉस करतो. म्हणजे घरातलं पीठ ओतून दिलं आणि बाहेरचं पीठ घातलं!

स्टार्चचे कण साधारण 60 ते 70 अंशांच्या आसपास पाणी शोषून फुगायला लागतात, मग काही फुटतात आणि पाणी दाट होतं. कोकणात भाताची पेज दाट होते ती याच कारणाने. पाणी मोजून घातलं आणि ते फेकलं नाही, तर तेच पाणी सॉस होतं. मैद्याची गरजच उरत नाही.

[पास्त्याचं पाकीट हातात]

आता खरेदी. पास्त्याचं पाकीट उलटं करून घटक वाचा. तिथे ड्युरम गव्हाचा रवा, म्हणजे ड्युरम व्हीट सेमोलिना, असं लिहिलेलं हवं. ड्युरम हा कडक दाण्याचा गहू. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीचा. त्यातल्या प्रथिनांची जाळी घट्ट असते, ती स्टार्च हळूहळू सोडते आणि पास्त्याचा आकार टिकतो. काही सुट्या, स्वस्त मॅकरोनीत मैदा असतो. जास्त पाण्यात उकडून लगेच उपसली तर ती चालून जाते, पण एका टोपाच्या पद्धतीत तिचा लगदा होतो, कारण इथे सुटका नाही, सगळं आतच राहतं. आकार पेने किंवा फुसिली घ्या. स्पॅगेटी या टोपात वळत नाही, गुठळी करून बसते.

चिकन घेताना दुकानदाराला लेग बोनलेस मागा आणि छोटे पीस करून घ्या, इंचभर. 400 ग्रॅम पुरतं. ब्रेस्टचं मांस दोन मिनिटं जास्त शिजलं की कोरडं, चिवट होतं. मांडीच्या मांसात चरबी जास्त, ते थोडं पुढेमागे झालेलं सहन करतं. कामावरून आल्यावर घड्याळ लावून स्वयंपाक कोण करतंय? म्हणून लेगच.

घरी आणल्यावर नळाखाली धरू नका. मला ठाऊक आहे, आपल्याकडे चिकन दोन-तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय समाधान होत नाही. पण धुतल्याने जंतू मरत नाहीत, ते उडून बेसिनवर, बाजूच्या भांड्यांवर, कोथिंबिरीवर बसतात. ते मरतात उष्णतेने. तुकड्याच्या आत 74 अंश गाठले की चिकन सुरक्षित. शिवाय ओलं चिकन तेलात टाकलं तर ते भाजलं जाण्याआधी स्वतःच्याच वाफेवर उकडतं. म्हणून टिश्यू पेपरने टिपून कोरडं करा, अर्धा चमचा मीठ आणि भरपूर कुटलेली मिरी चोळा, बस. हळद आज नको, सॉस पिवळा होतो. लिंबू आणि दही तर अजिबात नको, त्याचं कारण दुधाच्या वेळी सांगते. चिकन मुरेपर्यंत हातपाय धुवून, कपडे बदलून या. आणि कांदा चिरायच्या आधी चिकनचे हात साबणाने धुवा, विसरू नका.

[जवळून: टोपात तेल]

टोप जाड बुडाचा आणि रुंद हवा. स्टीलचा असेल तर फारच छान. नॉनस्टिकमध्येही होतो पास्ता, पण मला स्टीलच आवडतं आणि ते का, ते लगेच दिसेल. दोन चमचे तेल, चमचाभर लोणी, गॅस मोठा. तेल तापलं की चिकनचे तुकडे एका थरात पसरा आणि तीन मिनिटं हात लावू नका. आपल्याला सारखं ढवळायची सवय असते, पण इथे ती आवरा. खालची बाजू तांबूस झाली की तुकडा आपणहून सुटतो. उलटा, अजून दोन मिनिटं ठेवा आणि ताटलीत काढा. आत थोडं कच्चं असलं तरी चालेल, ते परत टोपात जाऊन शिजणार आहे. फक्त आत्ताच चव बघू नका, आणि ही ताटली वाढायला घेऊ नका.

[जवळून: टोपाचं बूड]

हे बघा, बुडाला तपकिरी खरवड धरलीय. सगळी चव इथे आहे. नॉनस्टिकला ही नीट धरत नाही, म्हणून मी स्टील म्हणत होते. गॅस मध्यम करा. याच टोपात एक मोठा कांदा बारीक चिरून आणि लसणाच्या सहा-सात पाकळ्या ठेचून घाला. कांद्याला पाणी सुटलं की उलथन्याने बूड खरवडत राहा. कांदा मऊ होऊ दे, लाल करायचा नाही. पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्सच्या पुड्या डब्यात पडलेल्या असतील, त्या आत्ता काढा आणि तेलातच टाका.

आता 250 ग्रॅम कोरडा पास्ता, एक चमचा मीठ आणि 650 मिली उकळतं पाणी. पाणी किटलीत आधीच गरम करून ठेवा, वेळ वाचतो. मिठाचा हात आखडता, कारण पाणी फेकायचं नाहीये. घातलेलं सगळं मीठ पोटात जाणार आणि पुढे चीज येणार आहे, तेही खारट.

पहिली दोन मिनिटं सतत ढवळा. पास्त्याच्या पृष्ठभागावरचा स्टार्च याच वेळी चिकट होतो आणि तुकडे एकमेकांना आणि बुडाला धरतात. मग गॅस मध्यम, झाकण अर्धवट, दर दोन मिनिटांनी एकदा तळापासून ढवळायचं. पाकिटावर 11 मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला एक पेने तोडून बघा. मधोमध पांढरा ठिपका दिसायला हवा. टोपात पाणी थोडंच उरलेलं असेल आणि ते गढूळ, जरासं दाट दिसेल. फारच आटलं असेल तर अर्धी वाटी गरम पाणी घाला.

[दुधाची पिशवी हातात]

आता दूध. अमूल गोल्डसारखं, म्हणजे 6 टक्के फॅटचं फुल क्रीम दूध घ्या, 250 मिली. फ्रिजमधून थेट ओतू नका, आधी बाहेर काढून ठेवा किंवा कोमट करा. ते इतक्या उशिरा घालायची दोन कारणं आहेत. पहिलं साधं: सुरुवातीपासून दुधात पास्ता शिजवला तर दूध बुडाला लागतं आणि करपट वास सगळ्या पास्त्याला येतो.

दुसरं कारण फाटण्याचं. दूध फाटतं म्हणजे त्यातलं केसीन नावाचं प्रथिन एकत्र येऊन गुठळ्या होतात. आपण पनीर करताना मुद्दाम हेच करतो, गरम दुधात लिंबू पिळतो. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की काम झालं. चिकनला लिंबू-दही लावू नका म्हटलं ते यासाठी. आधी पाण्यात पास्ता शिजवल्यामुळे आता टोपात भरपूर स्टार्च आहे, तो केसीनच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणजे स्टार्च दाटपणाही देतो आणि दुधाची राखणही करतो. तरी गॅस मंदच ठेवा, बुडबुडे कडेला हलके यावेत, खळखळा उकळी नको. चिकन आणि ताटलीत सुटलेलं त्याचं पाणी, दोन्ही आत्ता टोपात. चार-पाच मिनिटं. मग सगळ्यात जाड तुकडा कापून बघा. आत गुलाबी दिसता कामा नये, रस स्वच्छ हवा.

टोमॅटो घालून पिंक सॉस हवा असेल, तर टोमॅटोची प्युरी कांद्याबरोबर तेल सुटेपर्यंत परता, आणि दुधाऐवजी शेवटी गॅस बंद करून क्रीम घाला. क्रीममध्ये फॅट जास्त आणि प्रथिनं कमी, त्यामुळे ते आंबटाला जास्त तग धरतं. टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम 25 टक्के फॅटचं असतं, तेही उकळू मात्र नका.

[जवळून: चीज किसताना]

गॅस बंद. बंद केल्यावरच चीज. दोन क्यूब, म्हणजे 50 ग्रॅम, किसून. इथे मी मनापासून आपल्या साध्या प्रोसेस्ड चीजची बाजू घेणार आहे. महागडं जुनं चेडर किंवा पार्मेझान गरम सॉसमध्ये घाईने टाकलं तर तूप वेगळं, दोरे वेगळे होतात. प्रोसेस्ड चीजमध्ये सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार असतात, त्यांच्यामुळे फॅट आणि पाणी एकत्र राहतं. 1911 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हे चीज पहिल्यांदा तयार झालं ते टिकावं म्हणून, पण आपल्या टोपात ते सॉसला गुळगुळीत करायचं काम करतं. पार्मेझान असेल तर वरून भुरभुरा, चवीला उत्तमच.

आता टोप बघून तुम्हाला वाटेल की सॉस पातळ झालाय. वाटू दे. झाकण ठेवा आणि चार मिनिटं थांबा. पास्ता अजून पाणी ओढतोय, स्टार्च निवताना घट्ट होतोय. गॅसवरच दाट दिसेपर्यंत आटवलात तर ताटात येईपर्यंत त्याचा गोळा होईल. या चार मिनिटांत काकडी चिरा, ब्रून पाव असेल तर मधोमध कापून लसूण-लोणी लावून तव्यावर भाजा. मुंबईत त्यापेक्षा चांगला गार्लिक ब्रेड मला माहीत नाही. उरलेला सॉस पुसून खायला तो हवाच. झाकण काढल्यावर चव बघून मीठ, मिरी, आणि हवं असेल तर आता लिंबाचे चार थेंब.

हाच टोप थोडा वेगळा हवा असेल तर: कांद्यात अर्धा चमचा मालवणी मसाला परता, दुधाच्या जागी नारळाचं घट्ट दूध घाला, चीज वगळा, वरून कोथिंबीर. नारळाचं दूधही जोरात उकळलं तर फुटतं, तेव्हा गॅस मंदच. आमच्याकडे याचीच मागणी जास्त असते. भाज्या घालायच्या तर मटार, मक्याचे दाणे दुधाबरोबर आणि पालक गॅस बंद केल्यावर. मशरूम मात्र चिकननंतर कोरडे परतून घ्या, नाहीतर ते पाणी सोडून सगळं प्रमाण बिघडवतात.

[डबा हातात]

उरलेल्याचं काय? मुंबईच्या हवेत दूध आणि चिकन एकत्र असलेला पदार्थ रात्रभर ओट्यावर ठेवू नका. दोन तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये. सकाळी तो थिजून घट्ट झालेला असेल. कढईत काढा, तीन-चार चमचे दूध किंवा पाणी शिंपडा, मंद गॅसवर झाकण ठेवून नीट वाफ येईपर्यंत गरम करा. ऑफिसात मायक्रोवेव्ह असेल तर डबा थंडच घेऊन जा, प्रवासात बर्फाची पिशवी बरोबर असू द्या, तिथे पोचल्यावर डबा फ्रिजमध्ये टाका आणि जेवताना चमचाभर पाणी घालून कडकडीत गरम करून खा. फ्रिजही नसेल आणि मायक्रोवेव्हही नसेल, तर त्या दिवशी पोळी-भाजीच न्या, आणि पास्ता रात्री घरी येऊन संपवा.