कानाची घडी

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि माझ्यासमोर बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलानं लोकरीची कानटोपी घातली होती. आईनं दोनदा सांगितलं, "काढ की रे, डॉक्टर बघणारेत." त्यानं काढली नाही. मीही घाई केली नाही. मग आईनं आवाज खाली आणून विचारलं, "डॉक्टर, याला ऐकायला नीट येतं ना?"

मी प्लास्टिक सर्जन आहे. कान पुढे आलेलं मूल घेऊन येणारे आईवडील बहुतेकदा हाच प्रश्न आधी विचारतात, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो. नुसते कान पुढे आलेले असले म्हणून ऐकू कमी येत नाही. ऐकण्याचं काम आत, पडद्याच्या पलीकडे चालतं. बाहेर दिसतो तो मऊ हाडाचा, म्हणजे कूर्चेचा सांगाडा आणि त्यावरची कातडी. हा आजार नाही. त्रास असतो तो वर्गात. मागच्या बाकावरून कुणी टिचकी मारतं, कुणी सुपकान्या म्हणतं, आणि एक दिवस मूल मे महिन्यात कानटोपी घालून बसतं.

आता रेडिओ ऐकता ऐकता एक करा. आपल्याच कानाच्या वरच्या भागावर बोट ठेवा. सगळ्यात बाहेर गुंडाळलेली कड लागेल. तिच्या आत एक पन्हळ आहे. पन्हळीच्या आत पुन्हा एक उंचवटा लागतो आणि वर जाऊन त्याला दोन फाटे फुटतात. हा उंचवटा म्हणजे कानाची घडी. या घडीमुळे कान मागे, डोक्याकडे वळतो. ती नीट पडली नाही, तर कान उघड्या पानासारखा समोर राहतो. दुसरं कारण त्याच्या खाली आहे. कानाच्या भोकाभोवती जी वाटी असते ती खोल असली, तर ती सबंध कानाला पुढे ढकलते. पुष्कळांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या असतात. एरवी कान आणि डोकं यांच्यात साधारण २० ते ३० अंशांचा कोन असतो. तो बराच वाढला की कान पुढे आलेला दिसतो.

हे बहुतेक वेळा घराण्यातून येतं. जुना अल्बम काढला की आजोबांचे, आत्याचे, मामाचे तसेच कान दिसतात. तरी दोष येतो तो बाळाच्या आईवर. "अंगावर पाजताना कान दुमडला असेल", "कुंची घट्ट बांधली नाहीस", "एकाच कुशीवर निजवलंस". माझ्या खोलीत, माझ्यादेखत हे बोललं जातं आणि ती बाई मान खाली घालून ऐकते. तिला मी सगळ्यांसमोर सांगतो, बाई, तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही. बाळ पोटात असतानाच कानाचा आकार ठरत आलेला असतो.

पुढे आलेले कान शस्त्रक्रियेनं मागे घेणं हे आजकालचं फॅड आहे, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १८८१ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड एली नावाच्या डॉक्टरांनी एका बारा वर्षांच्या मुलाचे कान मागे घेतल्याची नोंद आहे. कारण काय, तर शाळेतली मुलं चिडवत होती. एलींनी कानामागची कातडी आणि कूर्चेची एक पट्टी कापून काढली होती. पण नुसतं कापून कान मागे नेला, तरी त्याला आकार येत नाही. खरी उणीव घडीची आहे आणि ती घडीच घालायला हवी, हे १९१० मध्ये विल्यम लकेट यांनी ओळखलं. पुढे १९६३ च्या सुमारास स्कॉटलंडच्या जॅक मस्टार्डे यांनी नुसत्या टाक्यांनी ही घडी घालायची रीत लिहून ठेवली. आज आम्ही जे करतो त्याचा पाया तोच.

ते असं. लहान मुलांना पूर्ण भूल देतात, मोठ्यांचा नुसता कान बधिर केला तरी चालतं. छेद कानाच्या मागे, खाचेत घेतात, म्हणजे व्रण समोरून दिसत नाही. सुईचं टोक निळ्या शाईत बुडवून कानाच्या पुढून मागे आरपार टोचतात, की मागच्या कूर्चेवर बारीक निळे ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांच्या हिशेबानं न विरघळणारे टाके घ्यायचे. एकेक गाठ आवळत गेलं की कानावर घडी उभी राहू लागते. ती इस्त्रीच्या घडीसारखी धारदार नको, गोलसर, फुगीर हवी. वाटी खोल असेल, तर ती मागच्या हाडावरच्या चिवट पडद्याला बांधून मागे घेतात. दोन्ही कानांना मिळून तास-दोन तास लागतात. यात हात आखडता घेणं फार महत्त्वाचं. जास्त आवळलं तर मधला भाग डोक्याला चिकटतो, वरचा आणि खालचा पुढे राहतो आणि समोरून कान जुन्या टेलिफोनच्या रिसिव्हरसारखा दिसतो. चांगल्या कानाची बाहेरची कड समोरून थोडी दिसलीच पाहिजे.

नंतर डोक्याला पट्टी, साधारण आठवडाभर. ती निघाल्यावर काही आठवडे रात्री झोपताना कानांवरून मऊ पट्टा, म्हणजे झोपेत कुशी बदलताना कान पुढे दुमडणार नाही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिल्या एक-दोन दिवसांत एकाच कानात ठणका वाढत गेला, गोळी देऊनही थांबेना, तर पट्टीमुळेच दुखत असेल म्हणून सकाळची वाट बघू नका. कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साकळलेलं असू शकतं. ते वेळेवर काढलं नाही तर काय होतं, हे कोल्हापूरकडच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. तालमीतल्या वस्तादांचे मोडलेले, गाठाळ कान आठवा. कुस्तीत कान घासून, दबून आत रक्त साकळतं, कूर्चेचं पोषण तुटतं आणि कान आकसून कायमचा गाठीचा होतो. पैलवानाला तो कान भूषण वाटतो. शाळकरी पोराला तो आपल्या हयगयीमुळे मिळता कामा नये.

आणखी एक. आपल्याकडे व्रण जाड होऊन फुगत जाण्याचा कल बऱ्याच जणांच्या कातडीत असतो, त्याला केलॉइड म्हणतात. घरात कुणाचा कान टोचल्यावर तिथं गाठ आली असेल, छातीवर किंवा खांद्यावर व्रण फुगला असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. कधी दोन्ही कान तंतोतंत सारखे येत नाहीत. कधी टाका सुटतो आणि कान थोडा परत पुढे येतो. जो डॉक्टर हे काहीच सांगत नाही, त्याच्याकडून सही करायचा कागद घेऊ नका. प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, हे विचारायला लाजू नका. दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही. पण मोठ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, तिथं जाऊन विचारा.

मग करायची केव्हा? पाच-सहा वर्षांपर्यंत कान जवळजवळ पूर्ण वाढलेला असतो आणि कूर्चा टाके धरून ठेवण्याइतकी घट्ट झालेली असते. त्याआधी नको. त्यानंतर मात्र वरची मर्यादा अशी काही नाही. मी वाट बघतो ती मुलानं स्वतः म्हणण्याची.

मागे बारा वर्षांची एक मुलगी आली होती. लाल रिबिनीत करकचून बांधलेल्या दोन वेण्या, त्यामुळे कान आणखीच उठून दिसत होते. आई आणि मावशी बोलत होत्या. पुढं स्थळं बघायची म्हणजे आत्ताच करून टाकलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं, सिस्टरना थांबवून घेतलं आणि मुलीला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मला काही वाटत नाही. आईला वाटतं." मी शस्त्रक्रिया केली नाही. कान तिचे आहेत. पंचविसाव्या वर्षी तिला वाटलं तर तेव्हाही करता येईल.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. आपण रोज अथर्वशीर्षात "रक्तं लम्बोदरं शूर्पकर्णकम्" म्हणतो. सुपासारखे कान असलेला आपला देव आहे, आणि आजी नातवाला कुरवाळून "माझा गणपती आहे तो" म्हणते, ते मला मनापासून आवडतं. पण जे मूल रडून सांगतंय की मला शाळेत जायचं नाही, त्याला गप्प करायला हे वाक्य वापरू नका. मुलगा आरशासमोर दोन्ही कान हातांनी मागे दाबून धरतो, ते बघून "कसली थेरं ही" म्हणू नका. कानटोपीवाल्या त्या मुलाला मी विचारलं, तुला काय हवंय? तो म्हणाला, "मला कटिंगला जायचंय." दोन वर्षं तो न्हाव्याकडे बसला नव्हता, आई घरीच कात्रीनं केस कापत होती. त्यानं टोपी काढली ती त्यानंतर. त्याची शस्त्रक्रिया मी केली.

आणि आता ज्यासाठी मी मुख्यतः हा वेळ मागून घेतला, ते सांगतो. यातल्या बऱ्याच मुलांना चाकू लावायची गरजच पडली नसती.

जन्मलेल्या बाळाचा कान विलक्षण मऊ असतो. आईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक बाळाच्या रक्तात आलेलं असतं आणि त्यानं कूर्चा लवचिक राहते. पहिल्या काही दिवसांनंतर ते उतरत जातं आणि सहा आठवड्यांत कान घट्ट होऊ लागतो. तेवढ्या काळात मऊ साच्यानं आणि चिकटपट्टीनं कानाला घडी धरून ठेवली, तर ती बसते. भूल नाही, टाका नाही. जपानमध्ये मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हे मांडलं. चाळीस वर्षं झाली, तरी आपल्याकडे ही मुलं माझ्यापर्यंत येतात ती पहिलीत-दुसरीत गेल्यावर. या विलंबाचं मला खरोखर वाईट वाटतं.

बाराव्या दिवशी कान टोचायला आपण सोनाराला बोलावतो. घरातली सगळी बायामाणसं त्या वेळी बाळाच्या कानाकडे बघत असतात, पण बघतात फक्त पाळी. बाळ दूध पिऊन झोपलं की उजेडात त्याच्या कानांचा वरचा भाग बघा, आधी समोरून, मग डोक्यामागून. कड दुमडलेली आहे का, मघाशी बोटाला लागलेली ती घडी आहे का, एक कान दुसऱ्यापेक्षा जास्त उभा आहे का. काही दुमडी आपोआप सुटतात, पण पुढे आलेला कान सहसा आपोआप मागे जात नाही. घरच्या घरी चिकटपट्टी मात्र लावू नका. बाळाची कातडी सोलवटते, आणि चुकीच्या जागी दाब पडला तर जखम होते. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, "साचा बसवता येईल का" असं स्पष्ट विचारा, आणि ते बाळ तीन आठवड्यांचं व्हायच्या आत विचारा.

नमस्कार.