डेव्हच्या मागची माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

नव्वदच्या दशकात सांगली-मिरजेत, विट्याला, इस्लामपुरात ज्यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला होता, त्यांना कॉम्प्युटर गेममधला डेव्ह नक्की आठवत असेल. लाल टोपीवाला, कप घेतल्याशिवाय ज्याच्यासाठी दार उघडायचं नाही, तो. सर बाहेर गेले की त्याची फ्लॉपी आत जायची. त्या डेव्हच्या मागच्या माणसांबद्दल आज बोलायचं आहे.

'डेंजरस डेव्ह' १९८८ साली लिहिला जॉन रोमेरो या तरुणाने. पुढे तो अमेरिकेतल्या श्रीव्हपोर्ट शहरात सॉफ्टडिस्क या कंपनीत लागला. ही कंपनी वर्गणीदारांना फ्लॉपीवर मासिक पाठवायची. तिथे त्याला टॉम हॉल, जॉन कारमॅक आणि एड्रियन कारमॅक भेटले. आडनाव एक असलं तरी हे दोघे नात्यातले नव्हेत.

आता डेव्ह पुन्हा डोळ्यांपुढे आणा. तो पडद्याच्या कडेला पोचला की अख्खं चित्र धक्क्याने सरकायचं, कारण सगळा पडदा भराभर पुन्हा रंगवणं त्या वेळच्या पीसीला झेपत नव्हतं. जॉन कारमॅकने पाहिलं, की चित्र चौकोनी तुकड्यांचं आहे आणि शेजारशेजारचे बरेच तुकडे सारखेच असतात. मग जे बदलले, तेवढेच रंगवायचे! सप्टेंबर १९९० मध्ये त्याने आणि हॉलने एका रात्रीत 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'ची पहिली लेव्हल पीसीवर उभी केली, मारिओच्या जागी डेव्हला घालून. सकाळी रोमेरोच्या टेबलावर फ्लॉपी होती. या साऱ्या इतिहासात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही रात्र. यंत्र तेच होतं, विचार नवा होता.

पीसीवरचा हा मारिओ त्यांनी मूळ गेमच्या मालक कंपनीला, निन्टेंडोला दाखवला, पण तिने नकार दिला. मग ऑफिसचे कॉम्प्युटर सुट्टीत घरी नेऊन त्यांनी 'कमांडर कीन' हा स्वतःचा गेम केला. तो डिसेंबरात आला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांची स्वतःची कंपनी, इड सॉफ्टवेअर, सुरू झाली.

त्यांची विक्रीची रीतही वेगळी. पहिला भाग फुकट, पुढचे हवे तर पैसे पाठवा. तो फुकट भाग मित्रांना कॉपी करून द्यायला मनाई नव्हती, उलट तेच हवं होतं. १९९२ चा 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' आणि १९९३ चा 'डूम' हे त्यांचे गेम असेच हातोहात जगभर गेले.

पुढे माणसं पांगली. १९९३ मध्ये हॉल गेला, 'क्वेक' या गेमनंतर १९९६ मध्ये रोमेरो आणि २०१३ मध्ये जॉन कारमॅक. कंपनी २००९ मध्ये झेनिमॅक्स या दुसऱ्या कंपनीकडे आणि २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली.

पण डिसेंबर १९९७ मध्ये इडने 'डूम'चा सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ लिहिलेला प्रोग्रॅम, सर्वांना खुला केला, आणि तो आजही मोफत मिळतो. वालचंद कॉलेजात किंवा कुठेही शिकणाऱ्या मुलामुलींनो, तो सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे, तुम्हाला वाचता येईल. कुठली भिंत आधी रंगवायची हे ठरवणारा भाग त्यात आहे. सुरुवात तिथून करा.

नमस्कार.